पाण्याची खोली दाखवणारं डायलिसिस सेंटर

माझ्या डायलिसिसला या आषाढात दोन वर्षं पूर्ण झाली. सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळी साडेसहाची पहिली पाळी. त्यातले सुरुवातीचे चार महिने मी एका सेंटरला होतो, तेव्हापासून आजच्या सेंटरला आहे. पहिलं का सोडलं आणि दुसऱ्याला का टिकून आहे हे सविस्तर लिहावं असं बरेच दिवस मनात होतं. महिन्यातून एकदा तरी कुणाचा ना कुणाचा फोन येतोच, "काका, आमच्या वडलांना डायलिसिस सांगितलंय, सोलापुरात कुठं करावं?" फोनवर पाच मिनिटांत हे सांगून होत नाही.

दोन्ही सेंटरची नावं लिहीत नाही. पहिल्याचं लिहिलं तर तिथं आजही जी चांगली पोरं काम करतात त्यांच्यावर येईल. दुसऱ्याचं लिहिलं तर लोक नुसतं नाव वाचून जातील, बघायचं ते बघणार नाहीत. मला सांगायचंय ते काय बघायचं हे.

मी जॉबर. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात बत्तीस वर्षं माग दुरुस्त केले. शेडमध्ये शिरलं की एवढ्या मागांच्या खडखडाटात कुठला बिघडलाय ते कानाला कळायचं. दिवसभर वाकून काम, त्यामुळं कंबर आणि गुडघे धरलेले. मेडिकलमधून दुखण्याची गोळी आणायची, खायची आणि पुन्हा मागाखाली शिरायचं, असं वर्षानुवर्षं चाललं. बीपी कधी मोजलंच नाही. पाय सुजायला लागले, जेवण नकोसं झालं, तोंडाला लोखंडासारखी चव यायला लागली, तेव्हा रक्त तपासलं. क्रिएटिनिन, म्हणजे किडनी किती काम करते ते सांगणारा रक्तातला आकडा, ९.४. डॉक्टर म्हणाले, चढलेलं बीपी आणि त्या गोळ्या, दोघांनी मिळून किडन्या संपवल्या. हे वाचणाऱ्यांत कुणी रोज दुखण्याची गोळी खात असेल, तर एकदा बीपी आणि क्रिएटिनिन बघून घ्या. एवढं मध्येच सांगतो, कारण मला ते कुणी सांगितलं नव्हतं.

पहिल्या सेंटरला गेलो तेव्हा मानेत कॅथेटर होतं. कॅथेटर म्हणजे मोठ्या शिरेत सरळ आत गेलेली नळी. तिचं तोंड उघडायचं तर उघडणाऱ्याच्या तोंडाला मास्क पाहिजे, पेशंटच्याही पाहिजे, हातमोजे नवे पाहिजेत. तिथं कधी मास्क असायचा, कधी नसायचा. एका पेशंटचं काम संपवून त्याच मोज्यांनी दुसऱ्याला हात लावताना मी पाहिलंय. तिसऱ्या महिन्यात मशीन चालू झाल्यावर अर्ध्या तासात थंडी भरून आली, दात वाजायला लागले, ताप एकशे तीन. नळीला इन्फेक्शन झालं होतं. आठ दिवस ॲडमिट, नळी काढून दुसरीकडून घातली. त्यानंतर एके दिवशी माझ्या मशीनला लावायला आणलेल्या डायलायझरवर, म्हणजे रक्त गाळायच्या नळकांडीवर, दुसऱ्याच माणसाचं नाव दिसलं. मशीन सुरू व्हायच्या आधी मला वाचता आलं म्हणून ते बदललं गेलं. डायलायझर धुऊन त्याच पेशंटला पुन्हा वापरतात हे मला माहीत होतं, नीट धुतलं, तपासलं तर त्यात वावगं नाही. पण चिठ्ठी वाचायचं काम पेशंटवर पडलं, तेव्हा माझा विश्वास उडाला. त्याच आठवड्यात मी विचारलं, "पाणी कुठं तयार होतं ते बघू द्या." उत्तर आलं, तिकडं पेशंटला सोडत नाही.

पाण्याचं का विचारलं, ते सांगतो.

डायलायझर म्हणजे हातभर लांबीची प्लॅस्टिकची नळकांडी. आत दहा हजारांच्या आसपास बारीक पोकळ धागे असतात, दोन्ही टोकांना घट्ट बसवलेले. मी पहिल्यांदा हातात धरून उजेडाला बघितलं, तेव्हा मागावरचा सुताचा बीमच बघतोय असं वाटलं. सगळे ताण्याचे धागे एका दिशेला, एकालाही पीळ नाही. फरक एवढा की हा प्रत्येक धागा आतून पोकळ. त्या पोकळीतून रक्त जातं आणि धाग्याच्या बाहेरून उलट्या दिशेनं औषधी पाणी वाहतं. धाग्याच्या भिंतीला इतकी बारीक छिद्रं असतात की युरिया, क्रिएटिनिन, पोटॅशियम पलीकडं जातं, पण रक्तपेशी आणि प्रथिनं आत राहतात. जिकडं विष जास्त तिकडून ते कमीकडं सरकतं. अंगात साठलेलं जादा पाणी मशीन दाबाच्या फरकानं ओढून घेतं.

म्हणजे माझं रक्त आणि ते पाणी यांच्यात केसाहूनही पातळ पडदा. मिनिटाला तीनशे मिली रक्त बाहेर येतं आणि परत जातं. चार तासांत ७२ लिटर झालं. अंगात रक्त पाच लिटरच, म्हणजे सगळं रक्त चौदा-पंधरा वेळा फिरून येतं. पाणी मिनिटाला पाचशे मिली, चार तासांत १२० लिटर. चांगला माणूस आठवड्यात चौदा-पंधरा लिटर पाणी पितो, ते पोटातून जातं, आतडी आणि किडन्या त्याची छाननी करतात. माझ्या रक्ताला आठवड्यात ३६० लिटर पाणी भिडतं, आणि मधे छाननी करणारं कुणी नाही. पाण्यात काही वाईट असेल तर ते धाग्याच्या भिंतीतून उलटं माझ्या रक्तात येणार.

आणि पाणी म्हणजे सोलापुरात काय आहे ते सोलापूरकराला सांगायला नको. आमच्या भागात नळ चार-पाच दिवसांनी येतो. बाकी दिवस बोअर, नाहीतर टँकर. बोअरचं पाणी इतकं जड की हंड्याला पांढरा थर बसतो. सेंटरला दहा मशीन आणि तीन पाळ्या असतील तर दिवसाला ३,६०० लिटर शुद्ध पाणी लागतं, आणि ते काढताना आरओतून जवळपास तेवढंच वाया जातं. एवढं पाणी कुठून आणता, कसं साफ करता, हा प्रश्न मला तरी सगळ्यात आधीचा वाटतो.

दुसऱ्या सेंटरला चौकशीला गेलो तेव्हा तिथला टेक्निशियन, पंचवीस-सव्वीसचं पोरगं, म्हणाला, "काका, आधी बघा, मग ठरवा." आणि सरळ मागच्या खोलीत घेऊन गेला. वाळूचा फिल्टर, मग कोळशाच्या दोन टाक्या एकामागं एक, पाणी मऊ करायची टाकी, बारीक फिल्टर, मग आरओचे पडदे, तिथून स्टीलच्या बंद टाकीत आणि टाकीतून पाईप सगळ्या मशीनना फिरून परत टाकीत. पाणी कुठंही तुंबून राहू नये म्हणून हे फिरणं. फरशी कोरडी होती, वास नव्हता, पंपाचा आवाज एका लयीत होता. भिंतीला खिळ्यावर एक वही टांगलेली. रोजची तारीख, तीन पाळ्यांच्या तीन नोंदी, पाण्याचा टीडीएस म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, क्लोरीनची तपासणी, खाली सही. मी मागची पानं चाळली. एक दिवसही कोरा नव्हता, आणि सगळ्या सह्या एकाच पेनानं एकदम केलेल्या नव्हत्या. कारखान्यात ऑईलिंगचं रजिस्टर शनिवारी एका बैठकीत भरणारे मी पाहिलेत, त्यामुळं मला ते ओळखू येतं.

ती वही नुसती शोभेची नव्हती हे गेल्या वर्षी पावसाळ्यात कळलं. शुक्रवारची सकाळ. आम्ही दहा जण आपापल्या खुर्चीत बसलेलो, वजनं झालेली, हात धुतलेले. टेक्निशियननं कोळशाच्या टाकीनंतरचं पाणी चाचणीच्या नळीत घेतलं, त्यात पुडी टाकली आणि पाणी फिकट गुलाबी झालं. कोळशानं अडवायचं ते क्लोरीन पुढं येत होतं. महापालिकेचं पाणी नव्हतं, टँकर आलेला, त्यात टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर भरपूर मारलेली असावी. पोरानं पुन्हा चाचणी केली, पुन्हा गुलाबी. त्यानं सुया ठेवून दिल्या आणि सांगितलं, "आज आत्ता कुणाचंच सुरू करणार नाही."

गोंधळ झाला. अक्कलकोटच्या पुढच्या एका खेड्यातून पहिल्या एसटीनं आलेली एक मावशी रडायला लागली, परतीची गाडी चुकणार होती. एकजण ओरडला की थोडं क्लोरीन तर आपण रोज पितोच. तेवढ्यात डॉक्टर आले. ते मावशीच्या शेजारी स्टूल ओढून बसले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पोटात गेलेलं क्लोरीन वेगळं आणि रक्ताला लागलेलं वेगळं. रक्ताला लागलं तर लाल पेशी फुटतात." मग त्यांनी ब्राझीलमधल्या कारुआरू नावाच्या गावाची गोष्ट सांगितली. १९९६ साली तिथल्या डायलिसिस सेंटरला टँकरनं तलावाचं पाणी आणलं गेलं, ते नीट साफ झालेलं नव्हतं. तलावात निळं-हिरवं शेवाळ होतं, त्याचं विष पाण्यातून थेट पेशंटांच्या रक्तात गेलं. आधी डोळ्यांपुढं अंधारी, मळमळ, मग लिव्हर निकामी. पन्नासहून जास्त माणसं त्यानं दगावली. सगळी आमच्यासारखीच, आठवड्यातून तीनदा खुर्चीत येऊन बसणारी.

पुन्हा कुणी ओरडलं नाही. साडेतीन तास लागले. टाकी धुतली, दुसरं पाणी भरलं, कोळशाच्या टाक्या उलट्या धारेनं धुतल्या, तीनदा चाचणी घेतली, पाणी पांढरं राहिलं, मग सुरू केलं. दिवसभराच्या पाळ्या पुढं सरकल्या, शेवटचा पेशंट रात्री एकला सुटला. मावशीला सेंटरच्या गाडीनं स्टँडवर सोडलं. सेंटरचं त्या दिवशी नुकसानच झालं असेल. पण माझ्या नातवाला उद्या कुठं न्यायची वेळ आली, तर मी ज्या पोरानं "सुरू करणार नाही" म्हटलं त्याच्याकडं नेईन.

आता सुईचं. मला डाव्या हाताला फिस्टुला केलाय. मनगटाजवळ रोहिणी आणि नीला एकमेकींना जोडतात, मग नीलेत जोरात रक्त यायला लागतं आणि ती दीड-दोन महिन्यांत जाड होते. ही युक्ती १९६६ साली न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी जगापुढं मांडली. त्याआधी पुन्हा पुन्हा रक्त काढायला टिकणारी जागा कुठून आणायची हा मोठा प्रश्न होता. फिस्टुलावर बोटं ठेवली की आत भिरभिर लागते, कानाशी धरलं की मोटर चालल्यासारखा आवाज येतो. सकाळी उठल्या उठल्या मी आधी ते ऐकतो. आवाज बंद झाला तर रक्त गोठलं, तसंच पळायचं. त्या हाताला बीपी मोजू द्यायचं नाही, सलाईन लावू द्यायचं नाही, घड्याळ नको, ओझं नको.

या हातात आठवड्याला सहा सुया जातात, त्याही जाड. त्यामुळं सुई लावणारा हात कुणाचा, याला फार महत्त्व आहे. आमच्याकडं एक सिस्टर आहेत, मूळच्या विजापूरकडच्या, मराठी बोलता बोलता मधेच कानडी येतं. त्या आधी अख्खा हात बोटांनी चाचपतात, मागच्या वेळी कुठं टोचलं होतं ते कागदावर बघतात आणि जागा थोडी पुढं घेतात. एकाच जागी टोचत राहिलं की शिरेला फुगा येतो. पहिल्या सेंटरला ओळखीचा एक पेशंट होता, त्याच्या दंडावर लिंबाएवढा फुगा आलाय. सिस्टर सुई घालताना विचारतात, "दुखूलालंय का काका?" आणि उत्तराची खरंच वाट बघतात. नवीन पोरी शिकायला येतात तेव्हा त्यांना आमच्या हातावर लगेच सोडत नाहीत, आधी कित्येक दिवस शेजारी उभं करतात. एकदा एका नवीन मुलीची सुई शिरेतून आरपार गेली, हात कोपरापर्यंत काळानिळा झाला. सिस्टरांनी स्वतः बर्फ धरला, दुसऱ्या दिवशी घरी फोन करून विचारपूस केली. चूक झाली हे त्यांनी लपवलं नाही. मला ते पुरेसं वाटलं.

कावीळ ब आणि क असलेल्या पेशंटांची मशीन वेगळी आणि खोलीही वेगळी आहे. हे प्रत्येक सेंटरला विचाराच. दर काही महिन्यांनी आमचं रक्त त्यासाठी तपासतात.

एक गोष्ट या सेंटरची नाही, पण तिथंच कळली. आमचे डॉक्टर कधी कधी फेरीला आले की जरा जास्त वेळ थांबतात. मी जॉबर आहे कळल्यावर त्यांनी मोबाईलवर एक जुना फोटो दाखवला. कोल्फ नावाच्या डच डॉक्टरांनी १९४३ साली बनवलेलं पहिलंवहिलं चालणारं मशीन. देश जर्मनांच्या ताब्यात, सामान मिळत नाही, तर या माणसानं लाकडी पट्ट्यांचा मोठा ड्रम केला, त्याच्यावर मांसाचे सॉसेज भरायला वापरतात तसली सेलोफेनची नळी गुंडाळली, आणि ड्रम मिठाच्या पाण्याच्या टाकीत अर्धा बुडवून फिरवला. नळीत रक्त, बाहेर पाणी. तो फोटो बघून माझ्या अंगावर काटा आला. वॉर्पिंगचा ड्रमच होता तो! आम्ही सूत गुंडाळायचो, त्यांनी माणसाचं रक्त गुंडाळलं. पहिले बरेच पेशंट वाचले नाहीत. १९४५ साली ६७ वर्षांची एक बाई वाचली, तिथून हे सगळं चालू झालं. मी डॉक्टरांना म्हटलं, त्या ड्रमला हात लावायला मिळाला असता तर बरं झालं असतं. ते म्हणाले, तुम्ही रोज लावताच आहात की.

आता उणं काय ते.

एसी फार गार असतो. बाहेर सोलापूरचं त्रेचाळीस डिग्री ऊन आणि आत माणूस थरथरतोय. एक तर रक्त बाहेर फिरून येताना गार होतं, त्यात वरून एसीचा झोत. म्हणून आमच्याकडं प्रत्येक पेशंटची स्वतःची सोलापुरी चादर असते, जेकॉटची, चांगली जाड. घडी उघडली की कुणाची कुठली ते सगळ्यांना माहीत. सेंटर पातळ पांढरं पांघरूण देतं, त्यानं काही होत नाही. दोनदा तक्रार केली, पंधरा दिवस एसी बरा होता, पुन्हा तेच.

नातेवाइकांच्या खोलीत एकच पंखा आहे आणि तो दाराकडं तोंड करून. आमची मंडळी विड्या वळते, तीन दिवस तिचं काम बुडतं, पाच-साडेपाच तास ती त्या खोलीत बसून राहते. बाकडी लोखंडाची. बाया खाली वर्तमानपत्र पसरून बसतात. पेशंटला एवढं जपणाऱ्या सेंटरनं त्याला घेऊन येणाऱ्या माणसाकडं बघितलंच नाही, याचं मला वाईट वाटतं. हे मी मालकांनाही तोंडावर बोललोय. पंखा अजून एकच आहे.

लिफ्ट महिन्यातून दोनदा तरी बंद असते आणि सेंटर पहिल्या मजल्यावर. डायलिसिस झाल्यावर बीपी उतरलेलं असतं, तेव्हा जिना उतरणं म्हणजे जिवावरचं काम. किडनीचे मोठे डॉक्टर आठवड्यातून दोनच दिवस येतात, बाकी दिवस ड्यूटीवरचे डॉक्टर असतात. आणि तिसरी पाळी सुटते तेव्हा रात्रीचे साडेदहा-अकरा होतात, त्या वेळी रिक्षा मिळत नाही. लांबच्यांनी तिसरी पाळी घेऊच नये.

पैशाचं म्हणाल तर मी महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत बसतो. रेशन कार्ड, आधार आणि डॉक्टरांचे कागद एवढ्यावर काम झालं. सेंटर योजनेत आहे का हे पहिल्याच दिवशी विचारा. पहिल्या सेंटरला चार महिने मी खिशातून भरत होतो आणि कुणी योजनेचं नावही काढलं नव्हतं. हिची पाटली त्यात गेली. इथं काउंटरवर बसणाऱ्या ताईंनी पहिला प्रश्न विचारला तो रेशन कार्डाचा. रक्त वाढवायची इंजेक्शनं, औषधं कुठली लागतील, कुठली योजनेत आणि कुठली बाहेर, हेही त्यांनी कागदावर लिहून दिलं.

माणसांबद्दल एक लिहायचं राहतंय. आमच्या पाळीत मराठी, तेलुगू, कानडी, उर्दू असं सगळं चालतं. चार तास पडून राहायचं, तर माणूस बोलणारच. कुणाचं वजन किती आलं यावरून आम्ही एकमेकांना रागावतो. दोन डायलिसिसच्या मधे वाढलेलं वजन म्हणजे नुसतं पाणी. माझं ड्राय वेट, म्हणजे जादा पाणी काढल्यावरचं वजन, ६१ किलो. गेल्या वर्षी मे महिन्यात एका सोमवारी मी ६५.३ घेऊन गेलो. उकाडा असह्य, तहान आवरली नाही, त्यात रविवारी शेंगाचटणी आणि कडक भाकरी खाल्लेली, मीठ पोटात, मग पाणी मागेलच. चार तासांत चार लिटर ओढायला गेलं तर शरीर सोसत नाही. तिसऱ्या तासाला पोटऱ्यांत गोळे आले, बीपी ऐंशीवर, डोळ्यांपुढं सगळं पांढरं. सिस्टरांनी पाय वर केले, मशीनची ओढ बंद केली, सलाईन सोडलं. शेजारच्या खुर्चीतले चाचा स्वतःच्या सुया हातात असताना मोठ्यानं माझं नाव घेत होते. त्या दिवसापासून मी पाणी फुलपात्रानं मोजून पितो, जास्तच तहान लागली तर बर्फाचा खडा तोंडात धरतो. मीठ जवळपास सोडलं. मिठाशिवाय तहान आवरणं मला जमलं, मीठ खाऊन नाही.

शुक्रवार ते सोमवार हा दोन दिवसांचा खाडा सगळ्यात धोक्याचा. सिस्टर दर शुक्रवारी सुया काढताना हेच बजावतात, "काका, रविवार आहे, सांभाळा." मागच्या श्रावणात एका शनिवारी मुलीच्या सासरची मंडळी भेटायला आली आणि आजाऱ्याला म्हणून चार शहाळी घेऊन आली. प्रेमानं आणलेलं, त्यांनीच फोडून हातात दिलं. नाही म्हणवलं नाही. दोन प्यालो. वर डाळिंबाचे दाणे. रविवारी रात्री दहाला पाय उचलेनात, छातीत कसंतरी व्हायला लागलं. हिनं सेंटरच्या नंबरवर फोन लावला. फोन पहिल्या रिंगला उचलला गेला, पलीकडं तोच टेक्निशियन. त्यानं एकच विचारलं, "काय खाल्लं काकांनी?" शहाळं म्हटल्यावर म्हणाला, "तसंच घेऊन या, मी येऊलालोय, मशीन लावून ठेवतो." पोटॅशियम ७.१ होतं. ते एवढं वाढलं की हृदय बंद पडू शकतं, आणि आमच्या किडन्या ते बाहेर टाकत नाहीत. खाली ईसीजी काढला, इंजेक्शन दिलं, रात्री पावणेबाराला मशीन सुरू झालं. पहाटे पाय हलायला लागले.

म्हणून किडनीच्या माणसाला भेटायला जाताना शहाळं, केळी, संत्री, डाळिंब घेऊन जाऊ नका. सोलापूरचं डाळिंब कितीही गोड असलं तरी नको. न्यायचंच असेल तर सफरचंद न्या, आणि तेही त्यांना डॉक्टरांनी चालेल म्हटलंय का ते विचारून. घरी भाजीही बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळून ते पाणी ओतून देतात, मग फोडणी. हिला सुरुवातीला ते पाणी ओतताना जीव तुटायचा, सगळं सत्त्व जातंय म्हणून.

गड्ड्याच्या यात्रेचं, म्हणजे आमच्या सिद्धेश्वरांच्या यात्रेचं, एक सांगतो आणि थांबतो. अक्षता सोहळ्याच्या दिवशी गावातले रस्ते बंद असतात, नंदीध्वजांची मिरवणूक असते. आम्हाला भीती होती की पाळी चुकते की काय. सेंटरनं आठवडाभर आधी प्रत्येकाला विचारून वेळा बदलल्या. माझी पहाटे चारला घेतली. साडेआठला सुटलो, हाताला पट्टी तशीच, आणि मुलानं गाडीवरून नेऊन संमती कट्ट्याकडं जाणारे नंदीध्वज लांबून दाखवले. दोन वर्षं यात्रा चुकली होती.

गेल्या पंधरवड्यात मोहोळकडचा एक मुलगा वडलांना घेऊन आला. फोनवर सांगण्यापेक्षा मी त्याला घेऊनच सेंटरला गेलो. टेक्निशियननं मागची खोली उघडली. पोरगं बराच वेळ वही चाळत उभं राहिलं, मग म्हणालं, "काका, रविवारीपण सही आहे की." रविवारी पाळी नसते, पण पाणी पाईपातून फिरवत ठेवावं लागतं, त्याची ती नोंद.

त्याच्या वडलांना मंगळवार-गुरुवार-शनिवारची दुपारची पाळी मिळाली. आमची भेट होत नाही. पहिल्या दिवशी ते गारठतील हे ठाऊक होतं, म्हणून माझी जुनी चादर सोमवारीच सिस्टरांकडं ठेवून आलो. परवा बघितलं तर त्यांनी ती धुऊन, घडी करून माझ्या खुर्चीवर ठेवलेली होती, वर पिशवीत मोहोळच्या शेतातली हिरवी मिरची आणि चिठ्ठी, "डॉक्टरांना विचारून खा."